पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा, आग आणि त्यावरचे उपाय, जरा सविस्तर

मेनोपॉज म्हटलं की सगळ्यांना आधी हॉट फ्लॅशेस आठवतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, चिडचिड होते, गुडघे धरतात, हे सगळं आपण आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलतो, भिशीत बोलतो, सकाळी वॉकला बोलतो, मुली तर जावयासमोर सुद्धा "आईला सध्या मेनोपॉजचा त्रास होतोय" म्हणून सांगून टाकतात. पण पाळी गेल्यानंतर योनीत येणारा कोरडेपणा, आग, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला सारखी जळजळ, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. आणि नेमकी हीच तक्रार आपोआप जाणारी नाही. हॉट फ्लॅशेस बहुतेकींचे काही वर्षांनी कमी होत जातात, हा कोरडेपणा मात्र उपाय केला नाही तर वर्षागणिक वाढत जातो. पाळी गेलेल्या बायकांपैकी साधारण निम्म्या जणींना तो कमीजास्त प्रमाणात असतो, म्हणजे आपल्या दहा जणींच्या भिशीत चार-पाच जणी तरी असणार आणि प्रत्येकीला वाटत असणार की हे फक्त आपल्यालाच होतंय.

मी सत्तावन्न वर्षांची, नाशिकला असते, बँकेतून व्हीआरएस घेतलीये. डॉक्टर नाहीये. पण या विषयावर गेली काही वर्षं खूप वाचलंय, डॉक्टरांना खूप प्रश्न विचारलेत, घरात दोन पिढ्यांचा त्रास जवळून बघितलाय, म्हणून लिहितेय.

माझी पाळी पन्नाशीला गेली. (सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. आपल्याकडे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्न.) कोरडेपणा लगेच आला नाही, दोनेक वर्षांनी जाणवायला लागला. सुरुवात अशी की चालून आल्यावर सलवारची शिवण टोचल्यासारखी वाटायची, आंघोळीच्या वेळी साबण लागला की चरचरायचं, रिक्षात खड्ड्यातून जाताना नकोसं व्हायचं. मग लघवी झाल्यावर आग. मग संबंधाच्या वेळी असं दुखायचं की दुसऱ्या दिवशी सुद्धा बसताना जाणवायचं आणि कधीतरी पुसताना टिश्यूवर गुलाबी डाग. जवळच्या एका डॉक्टरांनी दर वेळी तपासणी न करता फंगल इन्फेक्शनच्या गोळ्या आणि लघवीचं अँटिबायोटिक लिहून दिलं, लघवीच्या कल्चरमध्ये काही निघालं नाही तरी पुन्हा तेच. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटल्यासारखं व्हायचं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

हे इथे मुद्दाम लिहितेय कारण असं खूप जणींच्या बाबतीत होतं. खाज आणि आग म्हटलं की फंगस, असं समीकरण डोक्यात बसलंय, मेडिकलवालासुद्धा न विचारता क्लोट्रिमॅझोल हातात ठेवतो. खरं तर पाळी गेल्यानंतर, डायबिटीस नसेल आणि हॉर्मोनचं औषध चालू नसेल तर फंगल इन्फेक्शनचं प्रमाण उलट कमी होतं. त्यामुळे पन्नाशीनंतर सारखं सारखं "फंगस" होतंय असं कोणी सांगत असेल तर एकदा तरी नीट तपासून घ्या.

माझं निदान केलं ते एका तरुण गायनॅकने. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने आधी विचारलं, "काकू, लहान साइजचा स्पेक्युलम वापरते, दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन." (स्पेक्युलम म्हणजे योनी आतून बघायचं उपकरण.) एवढ्या एका वाक्याने अर्धी भीती गेली. तपासताना तिने एक छोटी कागदाची पट्टी योनीच्या आतल्या भिंतीला लावली आणि बाहेर काढून डबीवरच्या रंगांच्या तक्त्याशेजारी धरली. मला उठून बसल्यावर दाखवली. पट्टी हिरवटसर झाली होती, तक्त्यावर सहाच्या जवळपास. म्हणाली, तरुण वयात हा आकडा साडेतीन ते साडेचारच्या मध्ये असतो, म्हणजे आम्लधर्मी, आणि पाळी गेल्यावर पाचच्या वर जातो. मग विचारलं, "आरशात बघायचंय का?" मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. भाजलेलं बरं होताना जी नवी कातडी येते ना, फिक्कट, ताणलेली, चकाकणारी, तसं दिसत होतं, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. ती म्हणाली, हे इन्फेक्शन नाहीये काकू, ही त्वचाच पातळ झालीये.

आता हे का होतं ते तिने सांगितलं आणि मी नंतर वाचलं ते माझ्या भाषेत सांगते. योनीची आतली त्वचा अनेक थरांची असते आणि ते थर टिकवण्याचं काम इस्ट्रोजेन हे हॉर्मोन करतं. इस्ट्रोजेन असताना त्या थरांत ग्लायकोजेन नावाची साखर साठते, ती लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू खातात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात, त्यामुळे तिथे आम्लता राहते आणि बाकीचे त्रासदायक जिवाणू टिकत नाहीत. पाळी गेली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. थर कमी होतात, रक्तपुरवठा कमी होतो, आतल्या चुण्या सपाट होतात, लवचिकपणा जातो, ओलावा कमी होतो, ग्लायकोजेन नाही म्हणून चांगले जिवाणू उपाशी आणि आम्लता गेली म्हणून आतड्यातले जिवाणू तिथे ठाण मांडतात. आणि हे फक्त योनीचं नाही, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग यांनाही इस्ट्रोजेन लागतं, त्यामुळे लघवीची घाई होणं, रात्री उठावं लागणं, वरचेवर इन्फेक्शन होणं हे सगळं एकाच माळेतले मणी आहेत. म्हणूनच २०१४ मध्ये तज्ज्ञांनी याचं जुनं नाव बदलून जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, जीएसएम, असं नाव घेतलं. डॉक्टरांच्या कागदावर जीएसएम दिसलं तर घाबरू नका, ते हेच.

(तरुण आयांसाठी जाता जाता, अंगावर पाजत असताना सुद्धा इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं आणि असाच कोरडेपणा येतो. माझ्या भाचीला बाळंतपणानंतर झाला होता, तिला वाटलं टाक्यांचं काहीतरी बिघडलं. पाजणं कमी झाल्यावर तो आपोआप जातो, आपल्यासारखा मुक्कामाला राहत नाही.)

तर उपाय. दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट. लुब्रिकंट म्हणजे संबंधाच्या वेळेपुरतं, तेवढ्या वेळचं घर्षण कमी करायला. मॉइश्चरायझर संबंध असोत नसोत, आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने आत लावायचं, ते त्वचेला चिकटून ओलावा धरून ठेवतं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे किंवा पॉलीकार्बोफिलचे जेल मिळतात. त्रास थोडा असेल तर नुसत्या या दोन्हींनी भागतं सुद्धा. फक्त चेहऱ्याचं किंवा अंगाचं मॉइश्चरायझर तिथे लावायचं नाही, योनीसाठीचं म्हणून जे मिळतं तेच.

लुब्रिकंट घेताना वास, फ्लेवर, "वॉर्मिंग" असलं काही लिहिलेलं असेल तर नको, पातळ झालेल्या त्वचेला त्याने हमखास आग होते. ग्लिसरीन खूप असलेले पण काही जणींना चरचरतात. डब्ल्यूएचओने २०१२ मध्ये लुब्रिकंटची घनता किती असावी याचा आकडा दिला होता, ऑस्मोलॅलिटी १२०० च्या खाली आणि खरं तर ३८० च्या आत, कारण त्याहून दाट असलं तर ते त्वचेतलंच पाणी ओढून घेतं. हा आकडा बाटलीवर बहुतेक वेळा छापलेला नसतो पण काही चांगल्या कंपन्या वेबसाइटवर देतात. सिलिकॉनवालं जास्त वेळ टिकतं, पाण्यावर आधारित लवकर सुकतं पण धुवायला सोपं. खोबरेल तेल आपल्याकडे बऱ्याच जणी वापरतात आणि खूप जणींना ते चालतं, फक्त कंडोम वापरत असाल तर तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतो हे लक्षात ठेवा. आणि हो, पाळी थांबली म्हणजे लगेच काळजी मिटली असं नाही, पन्नाशीनंतर शेवटची पाळी आली असेल तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायला सांगतात.

पण मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट त्वचा परत जाड करत नाहीत. ते काम इस्ट्रोजेनच करतं आणि त्यासाठी ते तिथेच, जागेवर, अगदी थोड्या प्रमाणात द्यायचं असतं. मला इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम दिलं. पद्धत साधारण अशी की पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. माझे वार सोमवार आणि गुरुवार, ठरवून टाकलेत म्हणजे विसरायला होत नाही.

लावायचं कसं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. ट्यूबबरोबर प्लास्टिकची एक नळी येते, अ‍ॅप्लिकेटर, तिच्यावर खूण असते. नळी ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवायची, ट्यूब हळू दाबायची, दट्ट्या खुणेपर्यंत मागे येतो तेवढंच भरायचं, जास्त नाही. झोपायच्या आधी, लघवी करून आल्यावर, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, नळीच्या टोकाला बाहेरून किंचित क्रीम लावायचं म्हणजे टोचत नाही, आणि जेवढी सहज जाते तेवढीच आत घालून दट्ट्या दाबायचा. सुरुवातीला नळी टोचत असेल तर बोटानेच लावा, मला पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. शिवाय वाटाण्याएवढं क्रीम बोटावर घेऊन योनीच्या तोंडाशी आणि लघवीच्या जागेभोवती लावायचं, कारण आग सगळ्यात जास्त तिथेच होते आणि नळीने आत घातलेलं तिथे पोचत नाही. नळी मग कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवून, दट्ट्या बाहेर काढून वाळवायची, उकळत्या पाण्यात टाकायची नाही. आणि ज्या रात्री संबंध असतील त्या वेळी हे क्रीम लुब्रिकंट म्हणून वापरायचं नाही, ते औषध आहे. काही डॉक्टर क्रीमऐवजी आत ठेवायची बारीक गोळी देतात, इस्ट्रॅडिऑल दहा मायक्रोग्रॅमची, ज्यांना क्रीमचा चिकटपणा नको वाटतो त्यांना ती बरी पडते.

पहिल्या काही दिवसांत मला थोडी आग झाली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्वचा इतकी नाजूक झालीये की क्रीमसुद्धा चरचरू शकतं, टिकून राहा, म्हणून टिकले. फरक दोन-तीन आठवड्यांत कळायला लागतो पण पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून ट्यूब कपाटात टाकू नका. आणि बरं वाटल्यावर बंदही करू नका! हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. इस्ट्रोजेन शरीरात परत यायला लागलेलं नसतं, औषध थांबलं की काही आठवड्या-महिन्यांत त्वचा परत पातळ आणि कोरडी. बीपीची गोळी आपण बीपी नॉर्मल आलं म्हणून सोडत नाही, तशीच ही आठवड्यातून दोनदाची सवय चालू ठेवायची असते.

आता भीतीबद्दल, कारण ट्यूबच्या खोक्यातला कागद वाचला की कोणाच्याही पोटात गोळा येईल. कॅन्सर, हार्ट अटॅक, गुठळ्या, सगळं लिहिलेलं असतं. हे कुठून आलं तर २००२ मध्ये अमेरिकेतला वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास, त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या तोंडाने घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांचा भाग मध्येच थांबवला गेला, आणि त्या निष्कर्षांवरून सगळ्याच इस्ट्रोजेनच्या औषधांवर, अगदी योनीत लावायच्या क्रीमवर सुद्धा, तीच चेतावणी छापली जायला लागली. पण योनीतून दिलेलं कमी डोसचं इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडं जातं. त्याच अभ्यासातल्या, योनीतून इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायकांची माहिती नंतर वेगळी काढून बघितली, ४५ हजारांहून जास्त बायकांची माहिती होती त्यात, आणि २०१८ मध्ये ते छापून आलं, तर न वापरणाऱ्यांपेक्षा स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, गर्भाशयाचा कॅन्सर यांचा धोका वाढलेला दिसला नाही. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ही मोठी चौकटीतली चेतावणी काढायचं जाहीर केलं. आपल्याकडच्या खोक्यातला कागद बदलायला वेळ लागेल, तोवर कागद वाचून औषध न घेता परत ठेवणाऱ्या मैत्रिणींना हे सांगत राहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मात्र ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी मॉइश्चरायझर, लुब्रिकंट यांनी भागतंय का बघायचं आणि इस्ट्रोजेनचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा, विशेषतः अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल अशा, शरीरातलं इस्ट्रोजेन आणखी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. या गोळ्यांनी कोरडेपणा भयंकर वाढतो आणि माझी एक मैत्रीण त्यातून गेलीये, तिचं दुखणं इतकं होतं की ती गोळीच सोडायला निघाली होती. गोळी सोडू नका, दुखणं सांगा, त्यावर करण्यासारखं असतं.

घरातली दुसरी गोष्ट सासूबाईंची. आम्ही त्यांना माई म्हणतो, ऐंशी पार झाल्यात. त्यांना लघवीचं इन्फेक्शन वरचेवर व्हायचं, ताप, थंडी, आणि त्या वयात इन्फेक्शन झालं की माणूस बरळायला लागतो, मला ओळखायच्या नाहीत, रात्री उठून "गाडी चुकेल" म्हणून दाराकडे जायच्या. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो न संपतो तोच पुन्हा. माझं औषध सुरू झाल्यावर मी त्याच डॉक्टरांना विचारलं की माईंना पण हेच कारण असेल का. त्यांनी तपासून क्रीम सुरू केलं. या वयात नळी वगैरे जमत नाही, मी ग्लोव्ह घालून बोटाने लावते, आधी माईंना खूप लाज वाटायची, "सुनेकडून असलं करून घ्यायचं म्हणजे..." म्हणायच्या, आता सोमवार आला की स्वतःच आठवण करतात. इन्फेक्शन होणं खूप कमी झालंय. नंतर वाचलं की हे १९९३ पासून माहीत आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तेव्हा अभ्यास आला होता, वरचेवर लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रिऑल क्रीम दिलं तर वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं आणि ज्यांना नुसतं औषध नसलेलं क्रीम दिलं त्यांना ५.९ वेळा. एवढा फरक! तुमच्या घरात आई, आत्या, सासूबाई कोणी सारख्या लघवीच्या इन्फेक्शनने आजारी पडत असतील तर डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. अंग बाहेर येतं म्हणून ज्यांना रिंग बसवलीये त्यांना पण हे क्रीम लागतं, पातळ त्वचेवर रिंग घासून जखम होते.

नवऱ्याशी बोलायचं कसं, हे मला दोघीतिघींनी विचारलंय. माझ्या अनुभवाने गाडीत बसून बोलणं सोपं जातं, दोघांची नजर रस्त्यावर असते. आम्ही त्र्यंबकला निघालो होतो, मी म्हटलं, "अहो, मी टाळते ते तुमच्यावर राग आहे म्हणून नाही, मला आतून सोलल्यासारखं दुखतं. वयाने होतं, डॉक्टरांनी औषध दिलंय, वेळ लागेल." सातपूर मागे पडेपर्यंत ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी पण येऊ का?" आले. डॉक्टरांनी त्यांनाही आरामात समजावलं, की क्रीमचा परिणाम येईपर्यंत दुखेल असं काही करायचं नाही, कारण दुखणं सोसून केलं की शरीर दुखायची आधीच वाट बघतं, ओटीपोटाखालचे स्नायू आपोआप आवळून घेतात, आणि मग त्वचा बरी झाली तरी स्नायू सोडत नाहीत. तसं झालं असेल तर पेल्विक फ्लोअरचा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. अशा वेळी यूट्यूबवर बघून केगल (हे स्नायू आवळायचे व्यायाम) करत बसू नका, आवळलेल्या स्नायूंना आधी सैल सोडायला शिकायचं असतं.

काय करू नये ते पटकन. डेटॉल, सॅव्हलॉन, इंटिमेट वॉश, आत पाण्याचा फवारा, काही नको. बाहेरून साधं पाणी पुरे. रोज पँटीलायनर लावून ठेवू नका. दही लावायचं नाही. आणि तुरटी, कृपा करून तुरटी नको. "घट्ट होतं" म्हणून तुरटीच्या पाण्याने धुणाऱ्या बायका मी बघितल्यात, तुरटी उरलासुरला ओलावा पण शोषून घेते आणि जखमा करते. तसंच पुण्या-मुंबईत आणि आता आमच्याकडेही लेझरच्या जाहिराती दिसतात, तीन सिटिंगमध्ये कोरडेपणा गायब म्हणून, हजारो रुपये घेतात. एफडीएने २०१८ मध्येच या लेझरबद्दल इशारा दिला होता आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात खरं लेझर केलेल्या आणि नुसतं केल्यासारखं दाखवलेल्या बायकांमध्ये वर्षभराने काही फरक निघाला नाही. ते पैसे दुसरीकडे कामाला येतील.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी ताई मूळची बीड जिल्ह्यातली, लग्नानंतर बरीच वर्षं ऊसतोडीला जायची. तिची पिशवी तिशीतच काढली, बरोबर अंडाशय पण काढले की नाही हे तिला कोणी सांगितलेलं नाही. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "आग आग होती बघा ताई, पण सांगायचं कुणाला." २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंडाशय काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, मेनोपॉज हळूहळू येतो तसं नाही, आणि पस्तिशीत जे कोरडेपण सुरू होतं ते पुढची चाळीस-पन्नास वर्षं. नुसती पिशवी काढून अंडाशय ठेवले तरी मेनोपॉज थोडा लवकर येतो. या बायकांना ऑपरेशन झाल्यावर एकही डॉक्टर हे सांगत नाही याचा मला फार संताप येतो. मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेलं, जुने कागद शोधायला लावले, सोनोग्राफी केली, अंडाशय दोन्ही काढलेलेच होते. तिला क्रीम तर दिलंच पण एवढ्या लहान वयात अंडाशय गेले तर हाडांसाठी आणि हृदयासाठी पण पूर्ण शरीराला हॉर्मोन द्यायचा विचार करावा लागतो, तो आता डॉक्टर करतायत. तुमच्या ओळखीत कोणाची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली असेल तर अंडाशय आहेत की नाहीत हे एकदा विचारायला सांगा.

आता कधी थांबायचं नाही ते. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त गेलं तरी डॉक्टरकडे, "कोरडेपणामुळे असेल" असं घरीच ठरवून टाकायचं नाही, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरच्या वर असेल तर पुढची तपासणी करतात. माझ्या गुलाबी डागासाठी पण ती केली होती. दुसरं, बाहेरच्या भागावर पांढरे चट्टे आणि रात्री झोप उडवणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळा आजार असू शकतो, त्याला इस्ट्रोजेन नाही तर स्टिरॉइडचं मलम लागतं आणि पुढे नियमित तपासत राहावं लागतं. बरी न होणारी जखम, गाठ, वास येणारं पाणी, यांनाही घरगुती उपाय नाही. पॅप टेस्टला (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) खूप दुखतं म्हणून टाळत असाल तर डॉक्टरांना सांगा, आधी काही आठवडे क्रीम लावून मग टेस्ट करता येते.

आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर जीभ रेटत नसेल, बाजूला मुलगा नाहीतर सून बसलेली असेल, तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या. "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली. योनीत कोरडेपणा आणि आग आहे. संबंधाच्या वेळी दुखतं. लघवीला जळजळ होते. तपासून इस्ट्रोजेन क्रीम देता येईल का ते सांगा. मला आधी हे आजार आहेत आणि या गोळ्या चालू आहेत." खाली गोळ्यांची नावं. चिठ्ठी टेबलावर सरकवायची आणि बरोबरच्या माणसाला जरा बाहेर बसायला सांगायचं. माईंची चिठ्ठी मी अशीच लिहिली होती, मोठ्या अक्षरात, त्यांना वाचता यावी म्हणून.